सुंभ, पीळ आणि कुलाब्याची वही

२०२४ सालची अक्षय्य तृतीया १० मे रोजी, शुक्रवारी आली होती. आमच्या मारुंजीत त्या मुहूर्ताला जे व्हायचं तेच झालं. नव्या टॉवरांच्या बुकिंग ऑफिसांवर झेंडूची तोरणं लागली, घराघरांत आमरस झाला आणि संध्याकाळी हिंजवडीच्या बाजूला गाड्यांचा नेहमीचा खोळंबा झाला. रात्री साडेदहाच्या सुमारास, लोक निजायच्या बेतात असताना, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला एकदम धक्का बसला. सूर्यावरच्या १३६६४ क्रमांकाच्या डागसमूहातून दोन-तीन दिवसांपूर्वी सुटलेले चुंबकीय लोट एकामागोमाग येऊन आदळले होते. त्या रात्री लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झालं. मारुंजीतून काही दिसलं नाही, गच्चीवर चढूनही दिसलं नसतं. पण अलिबागच्या समुद्राजवळ एका शांत आवारात ठेवलेल्या उपकरणांना ते कळलं. त्यांनी ते नोंदवलं.

या ‘नोंदवलं’ शब्दाभोवतीच हा लेख आहे. सूर्यावरचे स्फोट म्हटले की डोळ्यांसमोर उपग्रह, रंगीत चित्रं आणि बंगळुरूचा नियंत्रण कक्ष येतो. महाराष्ट्रात ही गोष्ट सुरू झाली ती बोरू, शाई आणि एका वहीपासून. तिच्यातल्या एका पानाचं मोल जगाला कळायला जवळजवळ दीडशे वर्षं जावी लागली.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली काढली ती जहाजांच्या सोयीसाठी. घड्याळं बरोबर लावायची, ताऱ्यांचे वेध घ्यायचे, एवढंच काम. चुंबकसुईचं वेड नंतर आलं. जर्मनीत गाऊसनं पृथ्वीच्या चुंबकत्वाचं गणित मांडलं आणि जगभर एकाच वेळी सुईच्या हालचाली टिपाव्यात अशी टूम निघाली. इंग्रजांनी १८४०च्या आगेमागे आपल्या वसाहतींतून त्यासाठी ठाणी उभारली. समुद्रावर राज्य करणाऱ्यांना होकायंत्र का हलतं हे कळून घेणं भाग होतं. मुंबईत १८४१ साली हे काम एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या हाती आलं. ऑर्लेबारांचे एल्फिन्स्टनमधले सहकारी होते बाळशास्त्री जांभेकर. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण कुलाब्याच्या वेधशाळेचा कारभारही काही काळ त्यांच्याकडे होता. या दोघांचा एक विद्यार्थी पोरवयातच वेधशाळेत नोकरीला लागला. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे. पुढे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणारे आणि टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना ते हेच. त्यांची उमेदीची दहाएक वर्षं कुलाब्याला गेली.

काम कसं चालायचं ते पाहण्यासारखं आहे. रेशमी धाग्यांनी टांगलेली एक चुंबकपट्टी, तिला बसवलेला छोटा आरसा, काही अंतरावर एक दुर्बीण आणि एक मोजपट्टी. पट्टी केसभर वळली तरी आरशातला आकडा सरकायचा. माणसानं दुर्बिणीला डोळा लावायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. तासाभरानं पुन्हा तेच. रात्रीही. खिशात किल्ली नको, अंगावर लोखंडाचं बटण नको. असं आज नाही, उद्या नाही, वर्षानुवर्षं. यातून काय निघेल हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसायचं आणि लिहून घेणाऱ्यालाही फारसं नसायचं. १८४६पासून या नोंदी नियमित झाल्या.

१८५९ साली वेधशाळेची जबाबदारी इंडियन नेव्हीचे लेफ्टनंट फर्ग्युसन यांच्याकडे होती. केरूनाना केव्हाच पुण्याला गेले होते. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रेडहिल इथं रिचर्ड कॅरिंग्टन आपल्या खासगी वेधशाळेत सूर्यडागांचं चित्र काढत बसला होता. दुर्बिणीतून पडद्यावर पाडलेल्या सूर्यबिंबावर, एका मोठ्या डागसमूहाच्या अंगावर, अकरा वाजून अठरा मिनिटांनी दोन पांढरेशुभ्र ठिपके झळकले. साक्षीला कुणाला तरी बोलवावं म्हणून तो धावला. मिनिटाभरात परत येतो तर ते मावळू लागलेले. पाचेक मिनिटांत सगळा खेळ आटोपला. सुदैवानं लंडनमध्ये हॉजसन नावाच्या दुसऱ्या हौशी निरीक्षकानंही तेच पाहिलं होतं, नाहीतर कॅरिंग्टनला वेड्यात काढलं असतं. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते.

साडेसतरा तासांनी, २ सप्टेंबरच्या सकाळी दहाच्या आसपास, कुलाब्याची चुंबकपट्टी बिथरली. पाळीवरच्या माणसांनी तासाचा शिरस्ता मोडला आणि दर पंधरा मिनिटांनी, मग दर पाच मिनिटांनी वाचन सुरू केलं. दुपार व्हायच्या आत पृथ्वीच्या आडव्या चुंबकबळात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट झाली होती, म्हणजे मुंबईतल्या एकूण आडव्या बळाच्या चार टक्के. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. तुलनेला १९८९ सालच्या मार्चमधलं वादळ घ्या. त्यानं कॅनडातल्या क्यूबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली आणि साठ लाख लोक अंधारात बसवले. त्याचं जागतिक माप ५८९ नॅनोटेस्ला भरतं.

इंग्लंडमध्ये त्याच वेळी क्यूच्या वेधशाळेत आधुनिक यंत्रं होती. प्रकाशाचा ठिपका फोटोच्या कागदावर आपोआप रेघ काढायचा. वादळ एवढं मोठं होतं की ठिपका कागदाबाहेर गेला आणि रेघ तुटली. कुलाब्याला तसलं यंत्र नव्हतं म्हणून नोंद वाचली. गरिबीचा असा फायदा इतिहासात क्वचितच होतो.

कॅरिंग्टननं चमक आणि वादळ यांचा संबंध असावा एवढंच सावधपणे सुचवलं. विज्ञानाच्या दरबारात मात्र तो संबंध कुणी सहजी मान्य केला नाही. १८९२ साली खुद्द लॉर्ड केल्विन यांनी, रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून, सूर्यामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ होणं अशक्य आहे असा निकाल दिला. त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. सूर्य हा एक मोठा चुंबक आहे आणि त्याचं बळ चहूदिशांना पसरतं असं धरलं तर पृथ्वीपर्यंत काहीच उरत नाही. चूक गृहीतकात होती. सूर्य सगळीकडे सारखं फेकत नाही. तो एका दिशेला, एका वेळी, वळलेला दोर भिरकावल्यासारखा फेकतो. पण हे कळायला सूर्याच्या कडेवर काय चाललं आहे ते आधी दिसायला हवं होतं आणि ते दिसायचं फक्त खग्रास ग्रहणात.

इथं आपल्या मुलखाचं नशीब बघा. तीस वर्षांत दोन खग्रास ग्रहणं या भागावरून गेली.

पहिलं १८ ऑगस्ट १८६८चं. पट्टा विजापूर, जमखंडीवरून गुंटूर, मच्छलीपट्टणमकडे गेला. भर पावसाळा. रॉयल सोसायटीनं पाठवलेली उपकरणं घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीला तळ ठोकून बसले होते. हे युरेनस शोधणाऱ्या हर्शेलांचे नातू. ढग येत-जात होते. खग्रास सुरू झालं आणि सूर्याच्या काळ्या बिंबाच्या कडेला ज्वाळेसारखी लाल जिभळी दिसली. तिच्यावर वर्णपटदर्शक रोखला तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा न दिसता सुट्या तेजस्वी रेषा उमटल्या, एक लाल, एक नारिंगी, एक निळी. याचा अर्थ ही जिभळी म्हणजे तापलेला वायू होता. तोवर ती नेमकी कशाची आहे यावर वाद चालू होते. विजापुराहून कॅप्टन हेग आणि टॅनर यांनीही असंच पाहिलं. गुंटूरला फ्रेंच झान्सेन यांना त्या रेषा इतक्या ठसठशीत दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं त्यांना वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ते करूनही दाखवलं. लंडनमध्ये बसलेल्या नॉर्मन लॉकियरनं हीच युक्ती स्वतंत्रपणे ऑक्टोबरमध्ये साधली. त्या नारिंगी-पिवळ्या रेषेतूनच पुढे हेलियमचं नाव आलं.

इथं थोडं थांबून एक गैरसमज दूर करायला हवा. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि १८६८ साली लॉकियरनं तिथून हेलियम शोधला असं सांगतात. मीही लहानपणी तेच ऐकलं आणि पुढे इतरांना तेच सांगितलं. १८६८ साली लॉकियर इंग्लंडात होता. लॉकियर विजयदुर्गावर खरोखरच आला, पण तीस वर्षांनी, दुसऱ्या ग्रहणाला. किल्ल्याचा मान त्यामुळे कमी होत नाही. उलट त्या दुसऱ्या ग्रहणाची गोष्ट अधिक रंगतदार आहे आणि आपण ती विसरलो आहोत.

पण आधी १८७२चा एक प्रसंग. ४ फेब्रुवारीच्या रात्री मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला, तोच जो एरवी नॉर्वेत दिसतो. मुंबई-एडन समुद्री तार काही तास बिघडली. कुलाब्याच्या चुंबकपट्ट्यांनी मोठं वादळ नोंदवलं. तारायंत्रावर बसलेल्या माणसाला सूर्याशी आपलं काही देणंघेणं आहे हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं असेल.

आता २२ जानेवारी १८९८. हिवाळ्याचं स्वच्छ आकाश. पट्टा विजयदुर्गावरून आत शिरतो, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वऱ्हाडात, तिथून नागपूरकडे. त्या दिवसांत पुण्यात प्लेगचा कहर होता, रँडच्या खुनाला सात महिने झाले होते, आदल्या वर्षीचा दुष्काळ लोकांच्या अंगावरून अजून उतरला नव्हता. आणि अशा मुलखात जगभरचे खगोलशास्त्री पेट्या-पडश्या घेऊन उतरत होते. विजयदुर्गावर लॉकियर आणि त्याच्या मदतीला आरमारी जहाजाचे खलाशी. वर्ध्याजवळच्या पुलगावला न्यूअल. वऱ्हाडातल्या तळणीला ब्रिटिश हौशी खगोलप्रेमींची टोळी, तिच्यात एडवर्ड आणि ॲनी माँडर हे दांपत्य आणि जॉन एव्हरशेड नावाचा एक तरुण रसायनतज्ज्ञ. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल.

जेऊरलाच आणखी एक तंबू होता, पुण्याचा. कावसजी दादाभाई नायगामवाला हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, प्राध्यापक होते. त्यांनी १८८२ साली भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींकडून पाच हजार रुपये मिळवले, तेवढेच मुंबई सरकारकडून घेतले, इंग्लंडला जाऊन मोठमोठ्यांच्या प्रयोगशाळा पाहिल्या आणि डब्लिनच्या ग्रब कंपनीची वीस इंची परावर्ती दुर्बीण आणवली. १८८८ साली कॉलेजच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. भारतातली त्या काळची सगळ्यात मोठी दुर्बीण शिवाजीनगरात होती, मुळा-मुठेच्या संगमापासून हाकेच्या अंतरावर. रोज तिथल्या सिग्नलला अडकणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? नायगामवाला हे नुसते हौशी गृहस्थ नव्हते. मृगातल्या तेजोमेघाच्या एका वर्णरेषेवरून हगिन्स आणि लॉकियर या खगोलशास्त्र्यांत जुंपली होती. तेव्हा पुण्याहून यांनी वेध घेऊन ती रेषा रेखीव आहे असं सांगितलं. ते लॉकियरच्या विरुद्ध जात होतं आणि तेच बरोबर निघालं.

जेऊरला त्यांनी खग्रासाच्या जेमतेम दोन मिनिटांत सूर्याच्या वर्णावरणाचे वर्णपट टिपले आणि त्यावर १९०२ साली सविस्तर ग्रंथ छापला. तिकडे तळणीला ॲनी माँडर यांनी स्वतः जुळवलेल्या लहानशा कॅमेऱ्यानं प्रभामंडळाचा एक किरण टिपला. सूर्याच्या त्रिज्येच्या अनेक पट लांब गेलेला तो किरण त्याआधी कुणाला असा सापडला नव्हता. सूर्यापासून काहीतरी दूरवर, एका ठरावीक दिशेनं जातं, हे तिथं चित्रात दिसलं. सहा वर्षांनी एडवर्ड माँडर यांनी ग्रीनिचच्या नोंदी चाळून दाखवून दिलं की चुंबकीय वादळं सत्तावीस दिवसांनी पुन्हा येतात, म्हणजे सूर्याच्या एका फेऱ्यानंतर. सूर्य एका अंगानं फेकतो आणि ते अंग फिरून पुन्हा आपल्यासमोर येतं. केल्विनचा निकाल तिथं मोडला.

याच सुमाराला आपल्याकडे दोन निर्णय झाले. माझ्या मते या कथेचा सगळा सारांश त्यांत आहे.

पहिला कुलाब्याचा. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं. रुळांतून वाहणारा प्रवाह चुंबकपट्टीला झोपू देणार नव्हता. तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. मूस यांनी ट्रामला विरोध करत वेळ घालवला नाही. त्यांनी समुद्रापलीकडे अलिबागला जागा पाहिली, लोखंडाचा अंशही नसलेला दगड वापरून इमारत बांधली, बिजागऱ्यांपासून खिळ्यांपर्यंत तांबं-पितळ. १९०४ साली तिथं नोंदी सुरू झाल्या. आणि खरी गोम पुढे आहे. १९०६पर्यंत, दोन वर्षं, कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. का? जुनी मालिका आणि नवी मालिका एकमेकींना नीट सांधता यावी म्हणून. घर बदलताना जुन्या घराचं भाडं दोन वर्षं भरत राहण्यासारखं हे. कुठल्या कारकुनानं आज असा खर्च मंजूर केला असता? ट्राम १९०७ साली धावली. तोवर सांधा पक्का झाला होता. १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या आकड्यांचे जाड खंड छापून काढले आणि वादळांची वर्गवारी केली. १८४६ साली मुंबईत सुरू झालेली ती ओळ आज अलिबागला चालू आहे. जगात इतकी लांब अखंड मालिका फार थोड्या ठिकाणी आहे.

दुसरा निर्णय पुण्याचा. १९१२ साली नायगामवाला निवृत्त झाले आणि सरकारनं वेधशाळा बंद केली. दुर्बीण आणि उपकरणं कोडाईकनालला रवाना झाली. तळणीला ग्रहण पाहून गेलेले एव्हरशेड तोवर तिथं सूर्याचा अभ्यास करत होते आणि डागांमधून वायू बाहेर वाहतो हा त्यांचा शोध जगन्मान्य झाला होता. उपकरणं चांगल्या हाती पडली यात शंका नाही. पण पुण्यातून सूर्य गेला. चोवीस वर्षांची ती संस्था एका माणसाच्या खुर्चीला बांधलेली होती, खुर्ची रिकामी झाली आणि संस्था संपली. अलिबागला मूस गेले तरी पट्टी वाचणारा दुसरा माणूस हजर होता.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात सांगतो. १९६५ साली गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या बत्तीस लहान थाळ्या कल्याणला मांडल्या आणि टीआयएफआर या संस्थेच्या पोरसवदा चमूनं रेडिओलहरींत सूर्य पाहिला. भारतातली ती पहिली मोठी रेडिओ दुर्बीण. तिथं तयार झालेली माणसं पुढे उटीला गेली आणि मग जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारायला महाराष्ट्रात परत आली.

जगात तोवर अवकाशयुग आलं होतं. १४ डिसेंबर १९७१ रोजी एका अमेरिकी उपग्रहानं सूर्याचं बिंब झाकून, म्हणजे कृत्रिम ग्रहण लावून, प्रभामंडळातून एक प्रचंड ढग सुटताना पाहिला. जमखंडीला दिसलेली जिभळी, तळणीला दिसलेला किरण आणि कुलाब्याला हललेली पट्टी हे एकाच प्रकरणाचे तीन तुकडे होते हे मग हळूहळू जुळलं.

ते प्रकरण समजायला आपल्याकडे एक तयार म्हण आहे: सुंभ जळला तरी पीळ जात नाही. सूर्याचा विषुववृत्ताकडचा भाग साधारण पंचवीस दिवसांत फिरतो, ध्रुवाकडचा त्याहून बराच सावकाश. खालून उकळी आहेच. त्यामुळे आतल्या चुंबकरेषांना सतत पीळ पडत राहतो आणि पिळलेले जुडगे वर येतात. कोकणात काथ्याचा सुंभ वळताना ज्यानं पाहिलं आहे त्याला हे सांगायला नको. हाताखाली धागा पिळत जातो, पीळ मुरतो, आणि प्रमाणाबाहेर गेला की सुंभ ताठ राहत नाही, मधेच उसळून वेटोळं घालतो. सूर्यावरही तेच. पिळलेल्या चुंबकीय दोराच्या खळग्यांत थंड वायू साठून राहतो. थंड म्हणजे दहाएक हजार अंशांचा, पण भोवतीचं प्रभामंडळ दहा लाखांच्या वर असल्यामुळे थंडच. बिंबावर तो काळ्या दोऱ्यासारखा दिसतो, कडेला आला की लाल जिभळी. अनेक दिवस तो तसाच लटकून राहतो, कारण वरून दुसऱ्या चुंबकरेषांची कमान त्याला दाबून धरते. पीळ वाढला किंवा कमान सैल झाली की दोर सुटतो. मागे रेषा तुटून पुन्हा सांधल्या जातात, तिथं ज्वाळा भडकते. तीच कॅरिंग्टनची चमक.

आणि म्हण इथं भौतिकशास्त्राच्या नियमासारखी लागू पडते. रेषा तुटल्या, सांधल्या, ऊर्जा जळून गेली, तरी एकूण पीळ जवळजवळ तेवढाच राहतो. सूर्याला तो जाळून संपवता येत नाही. उत्तर गोलार्धात बहुतेक डावा पीळ, दक्षिणेत बहुतेक उजवा, असा तो वर्षानुवर्षं साठत जातो. त्यातून सुटायचा सूर्याकडे एकच मार्ग आहे, अख्खा सुंभच बाहेर भिरकावून देणं. म्हणजे हे स्फोट सूर्याचा अपघात नव्हेत, ती त्याची झाडलोट आहे.

आपल्या दृष्टीनं महत्त्वाचा प्रश्न एवढाच की तो दोर पृथ्वीशी पोचताना त्याच्यातल्या रेषा कुठल्या दिशेला आहेत. उत्तरेला असतील तर बरेचदा नुसता धक्का देऊन जातात. दक्षिणेला असतील तर पृथ्वीच्या उत्तरेकडे तोंड करून असलेल्या रेषांशी त्यांचा सांधा जुळतो, दार उघडतं आणि वादळ आत येतं. १८५९ साली ते दार सताड उघडलं होतं.

हे इतक्या खात्रीनं म्हणता येतं ते त्या वहीमुळे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेत, जी कुलाबा-अलिबागची वारसदार आहे आणि आता नवी पनवेलला आहे, गुरबक्ष लखिना आणि शोभना ॲलेक्स यांनी कुलाब्याचे जुने आकडे बाहेर काढले. अमेरिकेतले त्सुरुतानी आणि ब्राझीलचे गोन्झालेझ यांच्यासोबत त्यांनी २००३ साली शोधनिबंध छापला. विषुववृत्ताजवळची ती नोंद हाती आल्यावर वादळाचं खरं माप काढता आलं आणि तोवर दंतकथेसारखं सांगितलं जाणारं ‘कॅरिंग्टन वादळ’ आकड्यात उतरलं. आज जगातल्या वीज कंपन्या आणि उपग्रहांचे विमेवाले ‘जास्तीत जास्त वाईट काय होईल’ याचा हिशोब मांडतात तेव्हा कुलाब्याच्या त्या सकाळचे आकडे त्यात असतात. १४४ वर्षं कुणाला नको असलेली वही.

पुण्यात सूर्य परतला तो शतकानंतर. जयंत नारळीकरांनी १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात उभी केलेली आयुका ही संस्था मारुंजीपासून पंधरा-वीस किलोमीटरवर आहे, वाहतूक बरी असेल तर. तिथं दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली ‘सूट’ ही दुर्बीण तयार झाली. आरसा सुमारे चौदा सेंटीमीटरचा, म्हणजे नायगामवालांच्या आरशाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान. पण तिला पाहायचं होतं ते जमिनीवरून नीट दिसत नाही, २०० ते ४०० नॅनोमीटरमधला अतिनील सूर्य. ओझोनचा थर तो बराचसा अडवतो, आणि अडवतो म्हणून आपण जिवंत आहोत. दुर्बिणीत अकरा गाळण्या आहेत. प्रत्येकीतून सूर्याच्या वातावरणाचा वेगळा थर दिसतो, त्यामुळे दोराची मुळं आणि मधला भाग एकाच वेळी पाहता येतो. ज्वाळा भडकली की यंत्र स्वतःच ओळखून तेवढ्याच भागाची भराभर चित्रं घेतं. १८५९च्या माणसांनी तासाऐवजी पाच मिनिटांनी वाचन सुरू केलं होतं, त्यातलाच हा प्रकार.

‘सूट’ला घेऊन आदित्य एल-१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालं. कुलाब्याच्या त्या सकाळचीच तारीख, हा निव्वळ योगायोग. ६ डिसेंबरला ‘सूट’नं पूर्ण सूर्यबिंबाची पहिली चित्रं घेतली. ३१ डिसेंबरला, अजून मुक्कामी पोचायच्या आधीच, एका मोठ्या ज्वाळेसोबत उसळलेला वायूचा गोळा तिनं वाटेतच टिपला. ६ जानेवारी २०२४ रोजी यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या कक्षेत स्थिरावलं. ६ जानेवारी हा ‘दर्पण’चा वाढदिवस, आपला पत्रकार दिन. बाळशास्त्रींना एकाच दिवशी दोन मान मिळाले असं मी मनात म्हणून घेतलं. पाच दिवसांनी यानाची सहा मीटर लांब काठी उलगडली. तिच्यावर दोन चुंबकमापक बसवले आहेत. येणाऱ्या दोराच्या रेषा उत्तरेला आहेत की दक्षिणेला, हे ते अर्धा-पाऊण तास आधी सांगतात. कुलाब्याची पट्टीच ती, फक्त समुद्राच्या पार अलिबागला न्यायच्या ऐवजी आणखी थोडी लांब नेलेली. त्या २२ फेब्रुवारीला एक्स ६.३ या प्रतीची प्रचंड ज्वाळा भडकली आणि अतिनील प्रकाशात तिचे तेजाळलेले गाभे ‘सूट’नं इतक्या बारकाईनं दाखवले की त्यावरचा शोधनिबंध जगभर वाचला गेला.

मग त्या अक्षय्य तृतीयेच्या रात्री काय झालं? ‘सूट’चे डोळे मिटलेले होते. थंडगार ठेवलेल्या संवेदकावर हळूहळू मळ धरतो, तो उडवायला संवेदक अधूनमधून तापवावा लागतो. शेक देणंच म्हणा. ८ मेपासून सूर्य एकामागून एक दोर सोडत होता तेव्हा ‘सूट’ शेक घेत होती आणि शेजारची ‘व्हीईएलसी’ ही दुसरी दुर्बीण मापं जुळवून घेत होती. १४ मेला पुन्हा दारं उघडली. यावर तेव्हा थोडी कुजबुज झाली. मला त्यात लाजण्यासारखं काही वाटत नाही. इस्रोनं ते सरळ सांगितलं, हेच योग्य झालं. यानावरच्या चुंबकमापकांनी आणि सौरवारा मोजणाऱ्या यंत्रांनी ते वादळ नोंदवलंच, आणि खाली अलिबागनंही. दुर्बीण तेव्हाच उपयोगी पडते जेव्हा शेजारी वही उघडी असते.

आदित्यच्या नोंदी २०२५च्या जानेवारीपासून इस्रोच्या ‘प्रदान’ या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुल्या आहेत. नाव नोंदवावं लागतं, पैसे पडत नाहीत. मारुंजी-हिंजवडीत वसतिगृहावर राहणाऱ्या, गणित बरं येणाऱ्या आणि शनिवार-रविवार मोकळा असणाऱ्या पोरापोरींनी ती पानं उघडून बघावीत. त्यांतली बरीचशी अजून कुणी नीट वाचलेली नाहीत.